लहान मुलाला हॉटेलात न्या, पण मोबाइल खिशातच ठेवा

रविवारी संध्याकाळी कुठल्याही हॉटेलात नजर फिरवा. दीड-दोन वर्षांचं मूल, पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवलेला मोबाइल, त्यावर चालू असलेली गाणी आणि मधूनमधून तोंडात जाणारा घास. मूल शांत, आईवडील निवांत, शेजारच्या टेबलावरचे लोकही खूश. मग यात बिघडलं कुठे?

"डॉक्टर, एवढ्या लहान मुलाला बाहेरचं द्यावं का?" असं पालक नेहमी विचारतात. मोबाइलबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते महिन्यातून एकदा खाल्लेल्या डोशापेक्षा त्या मोबाइलची काळजी जास्त करायला हवी.

मोबाइल का नको?

भूक लागली की खायचं आणि पोट भरलं की तोंड फिरवायचं, ही समज मुलाला उपजतच असते. पडद्यात गुंतलेल्या मुलाला आपण काय आणि किती खातोय हे कळत नाही. एकदा सोय म्हणून दिलेला मोबाइल हळूहळू घरच्या जेवणातही येतो. मग "मोबाइलशिवाय घासच घेत नाही" ही तक्रार सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की २ वर्षांखालील मुलांना पडदा नकोच आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात जास्तीत जास्त १ तास.

दुसरा धोका घशात घास अडकण्याचा. पडद्याकडे बघत मूल नीट चावत नाही आणि ते गप्प बसलंय म्हणून मोठ्यांचंही लक्ष उडतं. घसा पूर्ण बंद झालेलं मूल रडू किंवा खोकू शकत नाही. म्हणजे हा प्रसंग अगदी आवाज न होता घडतो.

मग मूल शांत कसं बसणार?

तासभर बसणार नाही, आणि ती अपेक्षाही धरू नये. या वयाचं मूल वीस-पंचवीस मिनिटं एका जागी बसलं तरी पुष्कळ झालं. म्हणून आपणच थोडं बदलायचं.

- रात्री नऊला नंबर लावून ताटकळण्यापेक्षा सातलाच जा, किंवा सकाळच्या नाश्त्याला जा. भुकेलं आणि झोपेला आलेलं मूल चिडचिड करणारच.
- बसल्याबरोबर मुलाचं जेवण आधी मागवा.
- त्याला वेगळी ताटली द्या, स्वतःच्या हाताने खाऊ द्या. सांडलं तर पुसता येतं.
- कंटाळलं तर एकाने जेवावं, दुसऱ्याने बाहेर फिरवून आणावं. हे काम दर वेळी आईचंच नाही.

आणि शेजारच्या टेबलावरच्यांनाही एक विनंती. मूल थोडं रडलं की कपाळाला आठ्या घालू नका. त्या आठ्या टाळण्यासाठीच अनेक पालक मोबाइल काढतात.

काय द्यावं, काय टाळावं?

इडली, साधा डोसा, दहीभात, मऊ खिचडी, फुलका चालेल. मीठ-तिखट कमी घालायला सांगा. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण २ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. लोणचं, पापड, चायनीज यांत ते सहज ओलांडलं जातं. पाणी घरचं न्या. बर्फ, कच्ची चटणी, कापून ठेवलेलं सॅलड टाळा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं आणि बिलाबरोबर येणारी गोळी ४-५ वर्षांपर्यंत नकोच. गरम सूप, चहा, सिझलर मुलाच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. त्याची त्वचा पातळ असते, त्यामुळे भाजणं खोलवर जातं.

घास अडकलाच तर

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल तर त्याला पुढे वाकवून, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ जोरदार थापा मारा. तरी निघालं नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर ५ वेळा दाबा. हे आलटून पालटून करत राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. १ वर्षाखालील बाळाचं पोट मात्र दाबू नये. त्याला पालथं, डोकं खाली करून पाठीवर थापा आणि मग उताणं करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ दाब द्या. न दिसणारा घास बोट घालून काढू नका, तो आणखी आत जातो. घास निघाल्यावरही खोकला किंवा श्वासाची घरघर राहिली, किंवा पोट दाबावं लागलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मुलाला घरी ठेवून जा असं मी म्हणणार नाही. चार माणसांत बसणं, नवी चव घेणं, वाट बघणं हे मूल अशाच ठिकाणी शिकतं. समोर पडदा असेल तर यातलं काहीच होत नाही. त्यापेक्षा थोडं सांडू द्या, थोडा आवाज होऊ द्या आणि अर्ध्या तासात उठून घरी या.