ओंबळे यांनी जिवंत पकडला

दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुकाराम ओंबळे यांचे छायाचित्र मोबाइलवर फिरू लागते. खालची ओळ ठरलेली असते: हातात फक्त काठी आणि समोर एके-४७. मग गोळ्यांचा आकडा येतो. एकाच्या संदेशात तो पाच असतो, दुसऱ्याच्या वीस, तिसऱ्याच्या त्याहून अधिक. आकडा वाढला की आदर वाढतो, असे आपण कधी ठरवले कोण जाणे. हे संदेश पाठवणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. ते छायाचित्र पाहून माझेही डोळे दर वेळी भरून येतात. पण या माणसाने त्या रात्री नेमके काय केले, ते या आदराच्या फुलांखाली आपण पुरून टाकले आहे असे मला आता वाटते. ते वर काढायचे तर काही समजुती खोडाव्या लागतील. त्यातल्या काही माझ्या जवळच्या माणसांच्याही आहेत.

आधी ती रात्र, २६ नोव्हेंबर २००८ची, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची. तेव्हाच्या सीएसटी स्थानकात बेछूट गोळीबार करून अजमल कसाब आणि इस्माईल खान कामा रुग्णालयाकडे गेले. तिथल्या गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर पडले. मारेकरी पोलिसांचीच गाडी घेऊन निघाले. तिच्या मागच्या भागात सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली जखमी शिपाई अरुण जाधव जिवंत होते. गाडी सोडून ते दोघे गेल्यावर जाधव यांनी वायरलेसवरून कंट्रोलला खबर दिली. पुढे दोघांनी एक स्कोडा पळवली. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांनी गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी लावली होती. स्कोडाची खबर तिथवर पोहोचली होती.

मध्यरात्र उलटली होती. अडथळ्यांपासून थोड्या अंतरावर गाडी थांबली. तिने दिवे प्रखर केले, काचेवर पाणी उडवून वायपर सुरू केले. आत कोण आहे ते दिसू नये, हाच हेतू. मग गाडी वळवायचा प्रयत्न झाला आणि ती दुभाजकावर चढून अडकली. इस्माईलने गोळ्या झाडल्या. पोलिसांच्या गोळीने तो पडला. दुसऱ्या बाजूला कसाब होता. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे त्याच्याकडे धावले आणि त्यांनी त्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरली. कसाबने घोडा दाबला. गोळ्या ओंबळे यांच्या पोटात गेल्या, पण नळी सुटली नाही. तेवढ्या क्षणांत बाकीचे पोलीस येऊन भिडले. सहायक निरीक्षक संजय गोविलकर यांना गोळी लागली. लाठ्यांचा मार सुरू झाला आणि कसाब खाली पडला. त्याला मारू नका, असे आपल्याच माणसांना सांगून आवरणारेही पोलीसच होते.

म्हणजे झाले काय? एक सशस्त्र खुनी जिवंत पकडला गेला. आपल्या स्मरणात ओंबळे यांचा मृत्यू ठळक आहे. हे पकडणे मात्र पुसट होत चालले आहे.

आता पहिला पूर्वपक्ष. तो मी लोकलच्या डब्यात ऐकला आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे, शिकल्यासवरल्या माणसांच्या दिवाणखान्यात ऐकला आहे. “त्याला तिथेच उडवायला हवा होता. खटला, वकील, तुरुंग, बिर्याणी, सगळा खर्च आपल्या कराच्या पैशांतून.” बोलणाऱ्याच्या आवाजात राग असतो आणि त्या रागाला कारणही आहे. १६६ माणसे गेली होती. पण हे वाक्य उच्चारताना आपण ओंबळे यांच्या मुठीतून ती नळी सोडवून घेतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

दहापैकी नऊ हल्लेखोर मेले. त्यांनी बरोबर आणलेली ओळखपत्रे खोटी होती, हैदराबादच्या एका महाविद्यालयाची, हिंदू नावांची. कसाबच्या कार्डावर समीर चौधरी असे नाव होते. तो चौपाटीवर मेला असता तर पंचनाम्यात त्याच्या खिशातून तेच कार्ड निघाले असते, आणि त्या नावाचे काय करायचे ते कारस्थान रचणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. आज या शहरात त्या नावावरून काय काय पेटले असते, याचा विचारही करवत नाही. तो जिवंत सापडला म्हणून कराची कळली, समुद्रातला मार्ग कळला, त्यांनी बळकावलेल्या कुबेर या मासेमारी बोटीवर काय झाले ते कळले, बाकीचे नऊ कोण होते ते कळले. आधी नाकारणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचे कबूल करावे लागले. त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे कबुलीजबाब दिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला.

बिर्याणीचेही सांगून टाकतो, कारण ती अजून शिजते आहे. कसाबने बिर्याणी मागितली नव्हती. ती गोष्ट आपण रचली होती, हे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ साली जाहीरपणे सांगितले. कसाबबद्दल कोवळी भावना पसरू लागली होती, ती मोडायची होती, असे कारण त्यांनी दिले. त्यांचा हेतू काहीही असो, त्या एका कल्पित ताटाने खऱ्या खटल्याची किंमत लोकांच्या मनात उतरवली. आजही कुणी त्या खटल्याला सरकारी पाहुणचार म्हणतो, तेव्हा तो एका रचलेल्या गोष्टीवर विसंबून ओंबळे यांच्या कामाला नावे ठेवत असतो.

खरे तर त्या खटल्याइतका ओंबळे यांचा सन्मान दुसऱ्या कशानेही झालेला नाही. विशेष न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी मे २०१० मध्ये कसाबला दोषी ठरवून फाशी दिली. उच्च न्यायालयाने ती कायम केली, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, आणि २१ नोव्हेंबरच्या सकाळी येरवड्यात ती अमलात आली. याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते. पुरावा पुरेसा नाही म्हणून ते सुटले, तिन्ही न्यायालयांत. ज्या न्यायालयांनी त्यांना सोडले, त्यांनीच कसाबला फाशी दिली. म्हणूनच त्या फाशीला सूडाचा वास येत नाही. सर्वोच्च न्यायालयात कसाबची बाजू मांडणारे न्यायमित्र राजू रामचंद्रन यांनी आपले मानधन स्वतःकडे न ठेवता हल्ल्यात मरण पावलेल्या पोलीस व सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी दिले. आरोपीच्या वतीने बोलणारा माणूस आणि त्या आरोपीला पकडताना मेलेला माणूस एकाच बाजूचे होते, कायद्याच्या बाजूचे. मला हा प्रसंग कोणत्याही पुष्पचक्राहून मोठा वाटतो.

दुसरा पूर्वपक्ष उलट दिशेने येतो आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. “पोलिसांचे गोडवे गाण्याआधी एकदा ठाण्यात तक्रार घेऊन जाऊन बघा. कोठडीत मेलेल्या पोरांच्या आयांना विचारा.” या म्हणण्यात खोटे काही नाही. मी स्वतः एका ठाण्याच्या बाकावर चार तास बसून, तक्रार न लिहून घेताच परत पाठवला गेलेला माणूस आहे. बरोबरची म्हातारी बाई त्या चार तासांत तीनदा रडली. तो दिवस मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

पण त्या युक्तिवादाचा शेवट मला मान्य नाही. ओंबळे यांचा गौरव म्हणजे सगळ्या खाकीला दिलेले माफीपत्र, असे समजणारे दोन्हीकडे आहेत. एक गट त्या गौरवाआड कोठडीतली मारहाण झाकतो आणि दुसरा मारहाण दाखवून गौरव नाकारतो. दोघांनाही ओंबळे यांनी त्या रात्री घालून दिलेले माप दिसत नाही. समोरच्याच्या हातात एके-४७ असताना, तो गोळ्या झाडत असताना, पोलिसाला तो जिवंत हाती लागू शकतो. मग हातात काहीच नसलेला, बेड्या घातलेला आरोपी ठाण्याच्या आत मरतो, तेव्हा “परिस्थितीच तशी होती” हे उत्तर पोलिसांनी कोणत्या तोंडाने द्यायचे? ओंबळे यांना मान द्यायचा तर हा प्रश्न विचारावाच लागतो. त्यांच्या नावाने तो विचारण्याचा अधिकार कोठडीत मुलगा गमावलेल्या आईला सर्वांत आधी आहे.

आता काठीबद्दल. तिचे गुणगान मला सहन होत नाही. लाठी पुरेशी होती, छातीत दम हवा, असा या कौतुकाचा सूर असतो. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये नोकरी करून १९९१ मध्ये निवृत्त झाले आणि मग मुंबई पोलिसांत भरती झाले. बंदूक काय असते आणि जवळून सुटलेली गोळी काय करते, हे सैन्यातून आलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. ते जाणतेपणी पुढे गेले. त्यांना भाबडा शूर ठरवणारे कौतुक त्यांच्या निर्णयाचा अपमान करते.

शिवाय त्या कौतुकाने एक प्रश्न बुजतो: काठीच का होती? सीएसटीत पोलिसांकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या. तिथे रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी मारेकऱ्यावर प्लास्टिकची खुर्ची फेकली. हल्ल्यानंतर सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने शिपायांच्या धैर्याची नोंद घेतली आणि त्याच अहवालात सरावासाठी लागणाऱ्या दारूगोळ्याची टंचाईही दाखवून दिली. शौर्याची आणि टंचाईची नोंद एकाच अहवालात झाली, पण आपण पाठांतर केले ते फक्त शौर्याचे. ज्या राज्याने माणसाला काठी देऊन एके-४७ पुढे उभे केले, त्याने त्या काठीवर कविता म्हणायच्या नसतात. हिशेब द्यायचा असतो.

“पगार घेत होते, कर्तव्य केले” असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्याशी मी फार वाद घालत नाही. नाकाबंदी लावणे हे नोकरीचे काम आहे, आग ओकणारी नळी पोटाशी धरणे कोणत्याही सेवा नियमात लिहिलेले नाही. मात्र त्यांच्या वाक्यातला एक शब्द मी आनंदाने उचलतो: काम. होय, ते पोलिसी कामच होते. गाड्या थांबवणे, आत कोण आहे ते पाहणे, संशयिताला धरणे, त्याला न्यायालयापुढे जिवंत उभे करणे. पोलीस नावाच्या पेशाची ही पहिली इयत्ता आहे. ओंबळे यांनी ती जीव देऊन पूर्ण केली.

म्हणूनच त्यांना केवळ सैनिकाच्या साच्यात बसवणे मला पटत नाही. २६ जानेवारी २००९ रोजी मिळालेले अशोकचक्र योग्यच होते. गिरगाव चौपाटीवरचा पुतळाही हवाच. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला संशोधकांनी त्यांचे नाव दिले, ते वाचून मला मनापासून बरे वाटले. आपण त्यांना शहीद म्हणतो, म्हणावेही. पण सैन्यात किंवा पोलिसांत हा शब्द अधिकृतपणे वापरला जात नाही, असे २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सरकारनेच सांगितले आहे. शब्दाचा मान कागदावर उतरत नसेल, तर कामाचा मान कामात उतरायला हवा.

तो कसा उतरतो, याचे एक उदाहरण याच शहरात आहे. देवनार पोलीस ठाण्यातले शिपाई रवींद्र पाटील यांनी आठ तासांच्या पाळीची योजना स्वतः आखली. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी २०१६ मध्ये ती त्याच ठाण्यात राबवून पाहिली आणि पुढे शहरभर नेली. बारा-चौदा तास उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे गाडीच्या काचेआड काय पाहणार? एका शिपायाचे म्हणणे आयुक्ताने ऐकले, हे मला स्मृतिस्तंभाइतकेच मोलाचे वाटते. दर २१ ऑक्टोबरला, १९५९ साली लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे पडलेल्या दहा पोलिसांच्या आठवणीने आपण पोलीस स्मृतिदिन पाळतो. दिल्लीतल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतीवर ३४ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. सलामी होते, बिगूल वाजतो, नावे वाचली जातात. त्या सकाळी नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना चौपाटीवरची ती नाकाबंदी टप्प्याटप्प्याने शिकवावी, अशी माझी मागणी आहे. वायरलेस कसा चालला, गाडी कुठे थांबली, नळी कुणी धरली, मारणाऱ्यांना कुणी आवरले, आणि त्यामुळे पुढे न्यायालयात काय उभे राहू शकले.

मरीन ड्राइव्हवर रात्री अजूनही नाकाबंदी लागते. पिवळे अडथळे, त्यावर लाल दिवा, बाजूला दोन-तीन माणसे. पावसाळ्यात अंगावर रेनकोट असतो, खाली बूट भिजलेले असतात. गाडीतला माणूस वैतागून काच अर्धीच खाली करतो, घड्याळाकडे पाहतो. बाहेरचा हवालदार एक हात गाडीच्या टपावर ठेवतो, आणि आत कोण आहे हे माहीत नसताना, पाहण्यासाठी खाली वाकतो.