देणगीदाराचा सूट आणि नेत्याची प्रतिमा

४ जुलै २०२४ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रिटनच्या मतदारांनी हुजूर पक्षाची चौदा वर्षांची राजवट संपुष्टात आणली आणि मजूर पक्षाला प्रचंड बहुमत दिले. नवे पंतप्रधान सर किअर स्टार्मर हे व्यवसायाने बॅरिस्टर. २००८ ते २०१३ या काळात त्यांनी इंग्लंड व वेल्सच्या सरकारी अभियोग खात्याचे प्रमुखपद भूषविले होते. राजकारणाला सेवेचे रूप पुन्हा प्राप्त करून देऊ, जनतेचा उडालेला विश्वास परत मिळवू, अशी ग्वाही त्यांनी सत्ताग्रहणाच्या वेळी दिली होती. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत ब्रिटिश वृत्तपत्रांत चर्चा रंगली ती पंतप्रधानांच्या सूटची, त्यांच्या चष्म्याची आणि त्यांच्या पत्नीच्या कपड्यांची. हा सारा पेहराव त्यांच्या खिशातून नव्हे, तर एका धनाढ्य देणगीदाराच्या खिशातून आलेला होता.

हा प्रसंग परक्या देशातील असला, तरी त्याचा विचार आपण करायला हवा. लाचलुचपतीची मोठी प्रकरणे ओळखणे सोपे असते. सदिच्छेच्या रंगीत कागदात गुंडाळून आलेली भेट ओळखणे मात्र कठीण असते.

काय घडले?

या प्रकरणातील प्रमुख देणगीदार लॉर्ड वाहीद अली हे दूरचित्रवाणी क्षेत्रातील यशस्वी उद्योजक. १९९८ पासून ते हाऊस ऑफ लॉर्ड्सचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे सदस्य आहेत आणि मजूर पक्षासाठी निवडणूक निधी उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांनी स्टार्मर यांना १६,२०० पौंडांचे कपडे, सुमारे अडीच हजार पौंडांचे चष्मे आणि निवडणुकीच्या काळात वीस हजारांहून अधिक पौंड मूल्याची निवासव्यवस्था दिल्याचे संसदेच्या नोंदवहीत नमूद होते. त्या वेळच्या दराने केवळ कपड्यांचीच रक्कम सुमारे साडेसतरा लाख रुपये होते. पुढे असेही उघड झाले की, आणखी १६,००० पौंडांचे कपडे आधी ‘खासगी कार्यालयाला मिळालेली मदत’ अशा मोघम शीर्षकाखाली नोंदविले गेले होते. डिसेंबर २०१९ पासूनच्या काळात स्टार्मर यांनी स्वीकारलेल्या भेटी व आदरातिथ्याची बेरीज एक लाख पौंडांच्या वर गेली. त्यांत फुटबॉल सामन्यांची आणि गायिका टेलर स्विफ्ट हिच्या कार्यक्रमाची तिकिटेही होती.

ब्रिटनच्या नियमानुसार खासदाराने तीनशे पौंडांवरील भेट अठ्ठावीस दिवसांच्या आत जाहीर करावी लागते. पत्नीला मिळालेल्या कपड्यांची नोंद मुदतीत झालेली नव्हती, हे वृत्त ‘संडे टाइम्स’ने सप्टेंबरच्या मध्याला दिले आणि वादळ उठले. त्याआधी ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली होती. सरकारात कोणतेही पद नसताना लॉर्ड अली यांना पंतप्रधानांच्या कार्यालयात मुक्त प्रवेशाचा तात्पुरता परवाना मिळाला होता. सत्तांतराच्या कामासाठी तो दिला होता आणि नंतर परत घेतला, असा खुलासा सरकारने केला.

या वादाला खरी धार आली ती वेळेमुळे. जुलैअखेर अर्थमंत्री रेचेल रीव्ह्स यांनी निवृत्तांना मिळणारा दोनशे ते तीनशे पौंडांचा हिवाळी इंधन भत्ता केवळ अत्यंत गरिबांपुरता मर्यादित केला. सुमारे एक कोटी वृद्धांचा भत्ता त्यामुळे बंद होणार होता. १० सप्टेंबर २०२४ रोजी संसदेने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले आणि जेमतेम पाच दिवसांनी पंतप्रधानांच्या घरातील कपड्यांचे वृत्त छापून आले. थंडीत घर उबदार ठेवण्यासाठी मिळणारे तीनशे पौंड ज्या आजीबाईंचे गेले, तिने सोळा हजार पौंडांच्या कपड्यांची बातमी कशी वाचली असेल, याची कल्पना करण्यासाठी इंग्लंडला जाण्याची गरज नाही.

बचावाच्या पायऱ्या

या प्रकरणात प्रतिमा सावरण्याचे जे प्रयत्न झाले, ते अभ्यासण्याजोगे आहेत. जवळजवळ प्रत्येक देशातील सत्ताधारी याच पायऱ्या उतरत येतात.

पहिली पायरी नियमांची. ‘आम्ही सर्व काही जाहीर केले आहे, ते जाहीर केले म्हणूनच तुम्हांला कळले’, हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. नोंदवही होती म्हणूनच प्रश्न विचारता आले, हे मान्य करावेच लागेल. परंतु नोंद केल्याने भेट उघड होते, योग्य ठरत नाही.

दुसरी पायरी गरजेची. फुटबॉलच्या सामन्याला सर्वसामान्य प्रेक्षकांत बसलो तर पोलीस बंदोबस्ताचा भार करदात्यांवर पडेल, म्हणून खास कक्षात बसतो, असे सांगण्यात आले. मुलाची शालान्त परीक्षा होती, घराबाहेर पत्रकारांचा गराडा होता, त्याला शांतपणे अभ्यास करता यावा म्हणून मित्राचे घर वापरले, असेही सांगण्यात आले. बापाच्या काळजाला हे कारण निश्चितच पटेल. तथापि ब्रिटनमधील लक्षावधी मुले त्याच परीक्षेचा अभ्यास दोन खोल्यांच्या घरात करीत होती आणि त्यांच्या वडिलांना लंडनच्या मध्यवस्तीतील आलिशान घर देणारा मित्र नव्हता. तत्कालीन परराष्ट्रमंत्री डेव्हिड लॅमी यांनी तर असे मत मांडले की, अन्य देशांत नेत्यांच्या पेहरावासाठी सरकारी तरतूद असते, ब्रिटनमध्ये ती नाही, म्हणून नेत्यांना देणगीदारांची मदत घ्यावी लागते. ज्या पदाचे वार्षिक वेतन त्या वेळी सुमारे १ लाख ६७ हजार पौंड होते, त्या पदावरील व्यक्तीला चांगला सूट परवडत नाही, हे कोणाला पटावे?

तिसरी पायरी तुलनेची: ‘आधीचे आमच्यापेक्षा वाईट होते’. यात तथ्य आहे. बोरिस जॉन्सन पंतप्रधान असताना त्यांच्या सरकारी निवासस्थानाच्या सजावटीसाठी पक्षाच्या एका धनिक पाठीराख्याने ५२,००० हून अधिक पौंड दिले होते. त्या देणगीची नीट नोंद न केल्याबद्दल निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये हुजूर पक्षाला १७,८०० पौंडांचा दंड केला. गंमत अशी की, त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरोधी पक्षनेते असलेल्या स्टार्मर यांनी एका दुकानात भिंतीचा कागद न्याहाळताना आपली छायाचित्रे काढून घेतली होती. जॉन्सन यांच्या महागड्या सजावटीला मारलेला तो टोमणा होता. दुसऱ्याच्या भिंतीकडे बोट दाखवणाऱ्याच्या अंगावरील कोट कोणाचा, हा प्रश्न तीन वर्षांनी विचारला गेला आणि म्हणूनच तो इतका झोंबला. नैतिकतेच्या नावाने मते मागणाऱ्याला अधिक कडक फूटपट्टी लागते. ती त्याने स्वतःच मतदाराच्या हाती दिलेली असते.

शेवटची पायरी माघारीची. २० सप्टेंबरला पंतप्रधान, उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री यापुढे कपड्यांच्या भेटी घेणार नाहीत, असे जाहीर झाले. २ ऑक्टोबरला स्टार्मर यांनी सहा हजारांहून अधिक पौंडांची परतफेड केली. त्यांत काही कार्यक्रमांची व घोड्यांच्या शर्यतींची तिकिटे आणि पत्नीने भाड्याने घेतलेल्या कपड्यांचा खर्च होता. मात्र ही परतफेड पंतप्रधान झाल्यानंतरच्या भेटींपुरती होती. आधीच्या भेटी तशाच राहिल्या. घेतलेले योग्य होते तर परत का केले, आणि अयोग्य होते तर सर्व का परत केले नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मधल्या काळात, २८ सप्टेंबरला, रोझी डफील्ड या खासदार बाईंनी भेटींचे प्रकरण व वृद्धांचा भत्ता या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवून पक्षाचा राजीनामा दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्र्यांची आचारसंहिता सुधारण्यात आली आणि भेटींची माहिती दर महिन्याला प्रसिद्ध करण्याचा नियम झाला. या प्रकरणातून निष्पन्न झालेले हे खरे चांगले फळ होय. भत्त्याच्या बाबतीतही जून २०२५ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली आणि वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या वृद्धांना तो पुन्हा लागू झाला.

मिंधेपणाचा प्रश्न

भेटींच्या बदल्यात एखादा सरकारी निर्णय विकला गेला, असा पुरावा पुढे आलेला नाही. मग बिघडले काय?

मराठीत या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात सापडते: मिंधेपणा. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, ही आपली म्हण लाचेविषयी नाही. ती मनाच्या झुकावाविषयी आहे. उपकार घेतलेला माणूस उपकारकर्त्याचा फोन आधी उचलतो, त्याचे म्हणणे जरा अधिक वेळ ऐकतो, त्याच्या अडचणीला ‘रास्त अडचण’ म्हणतो. हे सर्व करताना आपण निःपक्षपाती आहोत, अशीच त्याची प्रामाणिक समजूत असते. मोशेच्या नियमशास्त्रात न्यायनिवाडा करणाऱ्यांना भेट घेण्याची मनाई आहे आणि त्यामागे सांगितलेले कारण दृष्टीशी संबंधित आहे. न्यायाधीशाचा हेतू वाईट असतो असे तेथे म्हटलेले नाही. त्याला नीट दिसेनासे होते, असे म्हटले आहे.

ब्रिटनमध्येही ही जाण नवी नव्हती. १९९४ मध्ये काही खासदारांनी पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचे प्रकरण गाजल्यावर पंतप्रधान जॉन मेजर यांनी लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९९५ मध्ये सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे सांगितली. त्यांतील पहिले तत्त्व निःस्वार्थतेचे आहे. लोकसेवकाने केवळ लोकहितासाठी निर्णय घ्यावेत, ही त्यामागची अपेक्षा. सात तत्त्वे भिंतीवर असतात आणि भेटवस्तू दारात येते. त्या वेळी कोणती गोष्ट आधी दिसते, यावर सारे अवलंबून असते.

आपल्या घरचे चित्र

ब्रिटनकडे पाहून हसावे, अशी आपली स्थिती नाही. ज्येष्ठ वाचकांना बॅ. अ. र. अंतुले यांचे प्रकरण आठवत असेल. त्या काळी सिमेंटची टंचाई होती आणि त्याचे वाटप सरकारच्या हाती होते. मुख्यमंत्र्यांनी स्थापन केलेल्या न्यासाला देणगी देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांना सिमेंटचा कोटा मिळत असल्याचा आरोप झाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. पुढील खटला वर्षानुवर्षे चालला, त्यांना शिक्षा झाली नाही, आणि कालांतराने ते केंद्रात मंत्रीही झाले. ‘मी स्वतःसाठी घेतले नाही, संस्थेसाठी घेतले’ हे वाक्य तेव्हापासून आपल्या परिचयाचे आहे.

जानेवारी २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी परिधान केलेल्या, स्वतःचे नाव विणलेल्या सूटवर टीका झाली. तो सूटही भेट म्हणून आलेला होता. फेब्रुवारीत सुरत येथे त्याचा लिलाव होऊन ४ कोटी ३१ लाख रुपये गंगा शुद्धीकरणाच्या कामाला मिळाले. पैसा सत्कार्यी लागला, हे चांगलेच. तथापि वस्त्र मुळात का स्वीकारले, हा प्रश्न लिलावाच्या टाळ्यांत विरून गेला.

या सर्वांपेक्षा मोठा प्रश्न निवडणूक रोख्यांचा होता. २०१८ पासून बँकेतून रोखे विकत घेऊन आपले नाव गुप्त ठेवत राजकीय पक्षांना देणगी देण्याची सोय झाली. सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. त्यांचा सर्वाधिक लाभ केंद्रातील सत्ताधारी भारतीय जनता पक्षाला झाला, परंतु तृणमूल काँग्रेस, काँग्रेस आणि अन्य पक्षांनीही ते घेतले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरविली. कोण कोणाला पैसा देतो, हे जाणण्याचा मतदाराला अधिकार आहे, हा त्या निकालाचा गाभा. ब्रिटनमध्ये चष्म्याच्या किमतीवरून पंतप्रधानांना जाब विचारता आला, कारण तो चष्मा नोंदवहीत होता. आपल्याकडे राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही आहे. लोकसभेत तशी सार्वजनिक नोंदवही नाही.

मतदाराचा हात

आता थोडे स्वतःकडे वळू या. निवडणूक जवळ आली की सोसायटीला मोफत रंग मिळतो, गल्लीत कॅमेरे बसतात, क्रिकेटच्या स्पर्धेला चषक येतो, तीर्थयात्रेला बस मिळते. नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेला बक्षिसे द्यायला आणि धर्मग्रामाच्या कार्यक्रमाला मंडप घालून द्यायलाही इच्छुक उमेदवार तत्पर असतात. आपण ते आनंदाने स्वीकारतो आणि फलकावर त्यांचे छायाचित्र लावतो. नंतर पाणीपुरवठ्याचा, रस्त्याचा किंवा बेकायदा भरावाचा प्रश्न घेऊन त्याच दारी जायची वेळ येते, तेव्हा आपला आवाज खाली का येतो? कारण मिंधेपणा दोन्ही बाजूंना असतो. देणगीदाराचा नेता मिंधा होतो, नेत्याचा मतदार मिंधा होतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतासाठी दिलेली भेट हा भ्रष्ट व्यवहार मानला आहे आणि घेणाऱ्यालाही त्यातून वगळलेले नाही.

म्हणून नेत्यांना विचारायचे प्रश्न आधी आपल्या मंडळांच्या आणि संस्थांच्या सभांत विचारले जावेत. ही भेट कोण देत आहे? ती आपल्या पदासाठी आहे की आपल्यासाठी? पद नसते, मत नसते, तर ती आली असती का? तिची किंमत सर्वांसमोर वाचून दाखवायला संकोच वाटतो का? उद्या देणाऱ्याविरुद्ध बोलायची वेळ आली, तर आपण बोलू शकू का? यांपैकी एकाही प्रश्नाशी अडखळायला झाले, तर नम्रपणे नकार द्यावा. नकार देताना कोणाचा अपमान करण्याची गरज नसते. मंडपाचा खर्च वर्गणीतून भागेल एवढाच कार्यक्रम करावा, म्हणजे पुढच्या वर्षी रस्त्याच्या प्रश्नावर नगरसेवकाशी ताठ मानेने बोलता येईल.