कामावर माणूस पडला, की मालकाचे किती जाते?
जासई परिसरातील छोटे गोदामचालक, ट्रेलरमालक व कामगार-ठेकेदार यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, सिडको, कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, कर्मचारी राज्य विमा महामंडळ, आणि परिसरातील सर्व कंटेनर फ्रेट स्टेशनचालक

महोदय,

मालकांची संघटना अपघातांवर निवेदन घेऊन आली म्हणजे भरपाई कमी करा म्हणणार, असा समज असतो. आमची मागणी उलटी आहे. पण आधी हिशेब.

आमचे सभासद जासई, चिर्ले, गव्हाण, धुतूम या पट्ट्यातले. कुणाचे दोन ट्रेलर, कुणाचे भाड्याचे गोदाम, कुणाची दहा-पंधरा जणांची टोळी. बरेचसे प्रकल्पग्रस्तांच्या घरातले. जानेवारी 1984 मध्ये याच भागात जमिनीच्या लढ्यात पाच हुतात्मे झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच. जमिनी गेल्यावर ज्यांनी बंदराच्या आसऱ्याने धंदा उभा केला, त्यांच्या मागे मोठी कंपनी नाही. असले तर बँकेचे कर्ज आहे.

समजा, तीस वर्षांचा कामगार गोदामात दगावला. 1923 च्या भरपाई कायद्याचे कोष्टक सामाजिक सुरक्षेच्या नव्या श्रमसंहितेतही कायम आहे. जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबासाठी मासिक वेतन 15,000 रुपयांपर्यंतच धरायचे. त्याचे निम्मे 7,500. वयाचा गुणक 207.98, भरपाई 15,59,850 रुपये. महिन्याच्या आत रक्कम भरली नाही तर 12 टक्के व्याज, म्हणजे वर्षाला 1,87,182 रुपये. सबळ कारण नसताना उशीर केला तर निम्म्यापर्यंत दंड, तो 7,79,925 रुपयांपर्यंत जातो. व्याज विमा कंपनी भरेल की नाही हे पॉलिसीच्या अटींवर ठरते. दंड मात्र मालकाच्याच खिशातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने वेदप्रकाश गर्ग खटल्यात 1997 मध्येच तसे सांगितले आहे.

हा झाला कागदावरचा आकडा. तो निदान आधी मोजता येतो आणि त्याचा विमा उतरवता येतो. खरा खड्डा पडतो तो ज्याची पावती मिळत नाही अशा खर्चाने. रिव्हर्स घेताना फोर्कलिफ्टखाली एखाद्याचा पाय सापडला, की त्या क्षणी पूर्ण टोळी थांबते. पंचनामा होईपर्यंत कंटेनर अर्धा रिकामा, अर्धा भरलेला तसाच उभा राहतो आणि शिपिंग लाइनचे डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, दिवसागणिक चढत जाते. बाहेर ट्रेलर अडकलेला, त्याचा हप्ता चालू. मालक रुग्णालय आणि पोलीस ठाणे यांच्यात फेऱ्या मारतो, तेव्हा गोदामाकडे बघणारे कुणी नसते. छोट्या धंद्यात मॅनेजर, कॅशियर आणि सुपरवायझर तो एकटाच. टोळीतले चार जण घाबरून गावी जातात. बदली आलेल्यांना लॅशिंग, म्हणजे माल आवळून बांधणे, कळत नाही, आणि कंटेनरचे दार उघडताना आतला माल अंगावर येऊ शकतो हेही ठाऊक नसते. म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी तिथेच होते. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली निष्काळजीपणाचा गुन्हा. 1 जुलै 2024 पासून त्याची कमाल शिक्षा दोनाऐवजी पाच वर्षे झाली आहे. आणि मोठा ग्राहक? तो ‘चौकशी संपेपर्यंत’ काम दुसऱ्याला देतो. ते काम परत येत नाही.

अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिच यांनी 1931 च्या आपल्या पुस्तकात मांडले होते, की अपघाताचा न दिसणारा खर्च दिसणाऱ्याच्या चौपट असतो. या चौपटीवर पुढे पुष्कळ वाद झाले, म्हणून तो आकडा आम्ही पुराव्यादाखल पुढे करत नाही. पण विम्याच्या पैशात अपघात भागला असे म्हणणारा छोटा मालक आमच्या पाहण्यात नाही.

याच भीतीतून मिटवामिटवीची वाट निघते. नोंद करायची नाही, मुकादमाच्या हाती रोख द्यायची, जखमीला गावी धाडायचे. सुरुवातीला ती स्वस्त वाटते. पुढे जखम चिघळते, नातेवाईक येतात आणि गेटवर पुन्हा बोलणी सुरू होतात. हजेरीपटावर नाव नाही, म्हणून विमा कंपनी हात वर करते. या चालीला संघटनेचा पाठिंबा नाही आणि तशा सभासदाची बाजू संघटना घेणार नाही.

आता मागण्या.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी दराची. कंत्राटदाराच्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी मूळ मालकावरही आहे. भरपाई कायद्याच्या कलम 12 चे तत्त्व तेच. तो नंतर कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो. प्रत्यक्षात करारात ‘सर्व जबाबदारी कंत्राटदाराची’ असे एक वाक्य टाकले जाते आणि काम सर्वांत कमी दराच्या निविदेला जाते. कमी दर येतो कुठून? बूट, हेल्मेट, रिव्हर्सचा भोंगा, सिग्नल देणारा जादा माणूस आणि विम्याचा हप्ता कापूनच. म्हणून बंदर प्राधिकरणाने आपल्या निविदांत आणि फ्रेट स्टेशनचालकांनी आपल्या करारांत सुरक्षा व विम्याची रक्कम वेगळी दाखवावी, तिच्यावर स्पर्धा लावू नये आणि विमा भरल्याची पावती पाहूनच ती द्यावी. आमच्यातला जो पावती दाखवणार नाही, त्याला ती मिळू नये.

दुसरी: पंचनाम्यासाठी अडकलेल्या कंटेनरवर त्या दिवसांचे डिटेन्शन व यार्डभाडे लावू नये. सीमाशुल्क अधिकाऱ्याने अडवलेल्या मालावर यार्डाने भाडे वा डॅमरेज घेऊ नये, असे 2009 चे विनियम सांगतातच. जखमी माणसासाठी थांबलेल्या मालाला तोच न्याय का नाही?

तिसरी: भरपाईसाठीची 15,000 ची वेतनमर्यादा वाढवावी. हो, हे मालकच म्हणत आहेत. अनुभवी ट्रेलरचालकाचा पगार याहून जास्त असतो. कायद्याची रक्कम अपुरी वाटली की कुटुंब गेटवर बसते, मध्यस्थ येतात आणि विम्याबाहेरचा पैसा जातो. मर्यादा वाढली तर आमचा हप्ता वाढेल; तो आम्हाला परवडतो, गेटवरची बोली परवडत नाही.

चौथी: मे 2025 पासून रस्त्यावरच्या मोटार अपघातात सात दिवस, दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. गोदामात पेट्यांच्या थप्पीखाली सापडलेला त्या योजनेत बसत नाही. बंदर परिसरातील कामगारांसाठी तशीच सोय करावी. गंभीर जखमीला इथून पनवेल किंवा वाशी गाठावी लागते, तीही ट्रेलरच्या रांगांतून. जासईजवळ चोवीस तास सज्ज रुग्णवाहिका व प्रथमोपचार केंद्र सिडको व बंदर प्राधिकरणाने मिळून उभारावे.

पाचवी: कर्मचारी राज्य विम्याची सक्ती दहा कामगारांपासून आहे, पण श्रमसंहितेत त्याखालच्या आस्थापनांना स्वेच्छेने सामील होता येते. महामंडळाने जासईत नोंदणी शिबिर घ्यावे. सहा-सात माणसांचे गोदाम चालवणारे आमचे सभासद कागदपत्रांसह हजर राहतील.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. बंदराच्या आत गोदी कामगारांचा सुरक्षा कायदा होता, कारखान्यांना 1948 चा कारखाने अधिनियम होता. गेटबाहेरचे गोदाम मात्र मधल्या मध्ये राहिले. नव्या व्यवस्थेत तपासणी येणार असेल तर जरूर यावी. पहिल्या भेटीत नोटीस बजावण्याऐवजी दोष लेखी द्यावेत आणि दुरुस्तीला मुदत द्यावी, एवढेच सांगणे.

वरील पाच मागण्यांवर सर्व संबंधितांची एकत्र बैठक जासईत बोलवावी, आणि तिला आमच्याबरोबर कामगारांच्या प्रतिनिधींनाही बोलवावे, ही विनंती.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद
जासई, ता. उरण, जि. रायगड