एका रात्रींत बांधलेलें देऊळ

अंबरनाथचें शिवालय पांडवांनीं एका रात्रींत उभारलें; काम पुरें होण्यापूर्वींच उजाडलें, आणि देऊळ अपुरें टाकून ते निघून गेले, अशी कथा वांगणी, बदलापूर, अंबरनाथ या टापूंत सर्वश्रुत आहे. वालधुनीच्या कांठच्या या देवळाचा गाभारा पायऱ्या उतरून खालीं आहे व वरचें शिखर खंडित आहे. त्यामुळें कथेला डोळ्यांपुढचा पुरावाही आयताच मिळाला आहे. आतां अशा कथेचें सुशिक्षितांनीं करावें काय? या प्रश्नाचीं तीन उत्तरें आमच्या समाजांत रूढ आहेत, आणि आमच्या मतें तीं तिन्ही सारखींच निरुपयोगी आहेत.

पहिलें उत्तर इतिहासाचा दिवा हातीं घेतलेल्यांचें. देवळांतील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल आहे व शिलाहार राजा मुम्मुणि याचें नांव आहे. सबब पांडवांची गोष्ट खोटी, प्रकरण संपलें! शिलालेखाविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. देऊळ कोणीं व केव्हां बांधलें, हें त्यानेंच सांगावें. परंतु लोक एका रात्रीचीच गोष्ट कां सांगत आले, हें त्याला विचारून उपयोग नाहीं. नाशिकच्या लेण्यांत तर लेखांची मुळींच वाण नाहीं. नहपानाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमें २,००० व १,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवल्याचें तेथें कोरलेलें आहे. इंद्राग्निदत्त नांवाच्या एका यवनाचें दानही कोरलेलें आहे. इतकें असूनही लोकांनीं त्यांना नांव दिलें तें ‘पांडवलेणीं’ हेंच. दगडावरचीं नांवें विसरून लोकांना पांडवच कां आठवावे? हा प्रश्न ज्याला पडत नाहीं, त्यानें खोटेंपणा सिद्ध केला असेल. कथा समजून घेतली असें मात्र म्हणवत नाहीं.

दुसरें उत्तर अभिमान्यांचें. जावा बेटांत प्रंबानन येथें नवव्या शतकांतलें एक भव्य शिवालय आहे. तेथील कथेंत रारा जोंग्रांग ही राजकन्या आपल्या पित्याचा वध करणाऱ्या बांडुंग बोंडोवोसोला लग्नासाठीं अट घालते: एका रात्रींत हजार देवळें बांध. भुतांच्या साह्यानें तो ९९९ पुरीं करतो. मग ती गांवच्या बायकांना उठवून कांडण सुरू करविते, जाळ पेटविते. पहांट झालीसें वाटून कोंबडे आरवतात, भुतें पळतात, आणि संतापलेला तो वीर तिलाच दगड करून टाकतो. ही कथा कानीं पडतांच आमचा अभिमानी मित्र म्हणतो, “पहा, आमचीच कथा तिकडे गेली!” त्याच्या पाठीशीं थिओडोर बेनफाय उभा असतो. त्या जर्मन पंडितानें १८५९ सालीं पंचतंत्राचें भाषांतर प्रसिद्ध करून, युरोपांतील बहुतेक कथांचें माहेर हिंदुस्थान असल्याचें प्रतिपादन केलें होतें. पण पुढें काय झालें? पंचतंत्राहून कितीतरी जुन्या, सुमारें ३,२०० वर्षांपूर्वींच्या मिसरी पपायरसावर दोन भावांची कथा आहे. तींत एक भाऊ आपलें हृदय झाडाच्या फुलावर ठेवतो. राक्षसाचा प्राण पोपटांत ठेवण्याची आमची कल्पना हिच्याच जातीची. ती नाईलच्या कांठीं कोणत्या गलबतांतून गेली? कथा प्रवास करतात यांत शंका नाहीं. पण दोन ठिकाणीं सारखेपणा दिसला कीं मालकीचा दावा लावणें ही विद्या नव्हे, भाऊबंदकी आहे.

तिसरें उत्तर पंडितांचें. अमेरिकेंतील स्टिथ थॉम्प्सन यांनीं १९३२ ते १९३६ या काळांत सहा खंडांची कथाबीजांची सूचि प्रसिद्ध केली आणि प्रत्येक बीजाला अक्षर व आंकडा दिला. इमारतीच्या पायांत माणूस बळी देण्याचें बीज पाहिजे असेल, तर ‘एस २६१’ काढावें. या प्रचंड श्रमांस आमचा नमस्कार असो; सूचीवांचून या रानांत वाट सांपडणार नाहीं. परंतु आमच्याकडे कित्येक विद्वान आंकडा हेंच उत्तर समजतात. तिकिटावरच्या आंकड्यावरून उतारू कोणत्या कामास निघाला आहे, हें कळत नाहीं.

सारखेपणापाशीं विचार थांबतो, हाच या तिन्हीं उत्तरांचा दोष. आमच्या मतें विचार तेथें सुरू व्हावा. नॉर्स कथेंत देवांच्या नगरीचा कोट बांधणारा राक्षस मजुरी म्हणून फ्रेया देवी, सूर्य व चंद्र मागतो, आणि लोकी कपटानें त्याचा घोडा पळवून काम अपुरें पाडतो. युरोपांतल्या सैतानाच्या पुलांच्या कथांत सैतान पूल बांधून पहिल्या ओलांडणाराचा आत्मा मागतो, आणि गांवकरी बोकड पुढें धाडून त्याला फसवितात. जावांत अट, फसवणूक आणि सूड. सगळीकडे करार आहे, मजुरी आहे, आणि ती बुडविण्याची युक्ति आहे. अंबरनाथच्या कथेंत यांतलें कांहींच नाहीं. कोणी अट घातली नाहीं, मोबदला मागितला नाहीं, कोणी फसलें नाहीं. बांधणारे राज्य गमावलेले, रानोमाळ हिंडणारे. उजाडलें कीं त्यांना ओळखले जाण्याचें भय. त्यांनीं मुक्कामाच्या एका रात्रींत जमलें तेवढें केलें आणि मागें राहणारांसाठीं ठेवून ते गेले. अपुरेपणाचा दोष येथें कोणाच्याच माथीं नाहीं. बीज तेंच; पण ज्या लोकांनीं तें असें वळविलें, त्यांचें मन या वळणांतच सांपडेल.

आणि हें मन आज कोणाचें आहे? या देवळापासून थोड्याच अंतरावर, कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत, फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीचें नांव उल्हासनगर झालें. वनवासी पांडवांची कथा खरोखर घर सुटलेल्या माणसांच्या घरांत कोणत्या रूपांत सांगितली जाते? वांगणीकडच्या ठाकर-कातकरी वाड्यांत ती कशी सांगतात? हें विचारून लिहिणें अवघड नाहीं. उलट छापील पुस्तिकांतून “लोक म्हणतात” एवढ्यावर भागविलें जातें, आणि एकच ठोकळेबाज पाठ कायम होतो. कोण लोक? कोणत्या गांवचे?

मुंबईच्या गव्हर्नरची कन्या मेरी फ्रियर हिनें १८६८ सालीं दख्खनच्या कथांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हां कथा सांगणाऱ्या आयेचें, ॲना लिबराता डिसूझा हिचें, नांव तर दिलेंच. तिची जीवनकथाही तिच्याच तोंडून घेऊन छापली. पोपटांत प्राण ठेवणारा जादूगार आपणांस त्याच संग्रहांत भेटतो. राज्यकर्त्यांच्या घरांतल्या मुलीला जें सुचलें, तें दीडशें वर्षांनंतर आमच्या पदवीधरांना सुचूं नये काय? सरोजिनी बाबर यांच्यासारख्यांनीं लोकसाहित्य समितीच्या द्वारें केलेलें काम डोळ्यांपुढें असतां तर ही सबब मुळींच चालणार नाहीं.

“मग मुलांना पांडवांची गोष्ट खरी म्हणून शिकवावयाची काय?” असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. मुलांना शके ९८२ चा लेख दाखवावा आणि कथाही ऐकवावी. एक राजाची साक्ष आहे, दुसरी प्रजेची. राजाची साक्ष दगडावर असल्यामुळें ती वाट पाहूं शकते. प्रजेची साक्ष माणसांच्या तोंडीं आहे, आणि माणसें वाट पाहत नाहींत. म्हणून प्रत्येक सुशिक्षित घरांत एक वही असावी. आजीनें, मोलकरणीनें, भाजीवालीनें सांगितलेली कथा तिच्याच शब्दांत, गांव व साल घालून, तींत लिहावी. जगभरच्या कथांशीं ती ताडून पाहणें पुढें कोणालाही करतां येईल. लिहूनच ठेवली नाहीं, तर ताडून पाहावयास उरणार काय?