रिकामा क्रमांक, भरलेले मैदान

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८ ऑगस्ट २०२४ रोजी भारतीय हॉकी संघाने स्पेनवर २-१ असा विजय मिळवून कांस्यपदक पटकावले आणि गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांनी त्याच सामन्याने आपली कारकीर्द संपविली. पाठोपाठ हॉकी इंडियाने त्यांचा १६ हा जर्सी-क्रमांक वरिष्ठ संघापुरता निवृत्त केला. क्रिकेटमध्ये सचिन तेंडुलकर यांच्या १० आणि महेंद्रसिंग धोनी यांच्या ७ या क्रमांकांना हा मान आधीच मिळालेला होता.

श्रीजेश यांच्या योग्यतेविषयी दुमत संभवत नाही. त्याच स्पर्धेत ब्रिटनविरुद्ध आपला संघ बराच काळ दहा खेळाडूंनिशी झुंजला, तेव्हा गोलाची राखण त्यांनीच केली. प्रश्न आहे तो सन्मानाच्या रीतीचा. पेडणे, सावंतवाडीच्या दशावतारी मंडळात नामवंत नट थकला, म्हणून त्याची भूमिका कोणी पेटीत बंद करीत नाही. ती पुढच्या नटाकडे जाते. प्रेक्षक जुन्याची आठवण काढीत नव्याला तोलतात आणि त्या तोलण्यातूनच नवा नट घडतो. क्रमांक खुंटीला टांगला की आदर व्यक्त होतो खरा, परंतु ही कसोटी मात्र नाहीशी होते.

हॉकी इंडियाने हे काही अंशी ओळखले, हे नमूद केलेच पाहिजे. १६ क्रमांक कनिष्ठ संघात चालू राहिला आणि त्या संघाच्या मार्गदर्शनाची जबाबदारी श्रीजेश यांच्याकडेच आली. त्याच वर्षी डिसेंबरात त्या संघाने मस्कत येथे पाकिस्तानला ५-३ असे नमवून कनिष्ठ आशिया चषक जिंकला. जर्सी टांगण्यापेक्षा हा सन्मान आम्हांस मोलाचा वाटतो.

गोमंतकाची गोष्ट याहून निराळी आहे. निवृत्त करण्यास आपल्याजवळ जर्सीच नाही, कारण आपले थोर हॉकीपटू दुसऱ्यांच्या जर्सीत खेळले. पोटापाण्यासाठी घराणी मुंबई, कराची, नैरोबी गाठीत होती आणि हॉकी त्यांना तेथे भेटली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात कराचीचे पीटर पॉल फर्नांडिस होते. साठच्या दशकातील केनियाच्या ऑलिंपिक संघांत तर गोमंतकीय आडनावांची रांगच दिसते. १९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताने ब्रिटनला ४-० असे हरवून सुवर्णपदक जिंकले, तेव्हा आपला गोल राखीत होते लिओ पिंटो. त्या संघात मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस, वॉल्टर डिसोझा हेही होते. ज्यांची मूळ भूमी आणखी तेरा वर्षे परकीयांच्या ताब्यात राहणार होती, त्यांनी स्वतंत्र भारताला हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देण्यास हातभार लावला. हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

जर्सी नसली तरी मैदान आहे. म्हापशाच्या पेडे क्रीडासंकुलात २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील हॉकीचे सामने झाले. बारदेश, पेडणे, डिचोली येथील मुलांना हे मैदान जवळचे आहे. तेथील एका गोलाला लिओ पिंटो यांचे नाव द्यावे. या खेळाडूंची नावे, वर्षे आणि पराक्रम सांगणारा ठळक फलक प्रवेशद्वारी लावावा. राज्याच्या शालेय संघातील उत्कृष्ट गोलरक्षकाला दरवर्षी त्यांच्या नावाचे पारितोषिक ठेवावे. क्रीडा खाते, नगरपालिका आणि हॉकी संघटना यांनी मनावर घेतले तर यास फारसा खर्च येणार नाही.

मात्र नुसत्या नावाने भागणार नाही. कृत्रिम मैदानाची निगा, शाळांतून स्टिका, रोज संध्याकाळी हजर राहणारा प्रशिक्षक, यांची तरतूद झाली नाही, तर तो फलक म्हणजे केवळ श्राद्धाचे पान ठरेल. थोरांची जागा रिकामी ठेवणे सोपे आहे. ती भरून काढणारा घडविणे कठीण. हे कठीण काम म्हापशाने हाती घ्यावे.