छायाचित्रांच्या तारखांचे शुद्धीकरण

आमच्या सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवे शुद्धीकरण सुरू झाले आहे. आजोबांच्या वेळचे आल्बम स्कॅन होतात, परदेशस्थ मुलाच्या कॅमेऱ्यातील चित्रे संगणकावर उतरतात आणि मग घरातील एखादा हुशार तरुण त्यांच्या तारखा दुरुस्त करावयास बसतो. उद्योग स्तुत्य आहे. 1962 सालच्या मुंजीचे चित्र, केवळ स्कॅनर 2024 साली चालला म्हणून, 2024 सालचे ठरावे ही विटंबना कोणीतरी थांबवलीच पाहिजे. परंतु ज्या रीतीने ती थांबवली जाते ती रीत आम्हांस मूळ चुकीहून अधिक घातक वाटते.

डिजिटल चित्राच्या फाइलीत चित्राखेरीज एक टिपण दडलेले असते. त्याचा एक्झिफ नावाचा नमुना 1995 साली जपानात ठरला. चित्र कधी टिपले हे त्यात सेकंदापर्यंत लिहिलेले असते. मात्र ते कॅमेऱ्याच्या घड्याळाबरहुकूम. ते घड्याळ जागतिक वेळेपासून किती तास पुढे वा मागे आहे, हे नोंदवण्याची जागा त्या नमुन्यात 2016 साली प्रथम आली. न्यू जर्सीहून हिवाळ्यात पुण्यास आलेल्या पाहुण्याने घड्याळ न बदलता चित्रे काढली, तर सायंकाळी साडेसहाच्या गोरज मुहूर्तावरील लग्न त्याच्या कॅमेऱ्यात सकाळी आठ वाजता लागते! अंतर साडेदहा तासांचे. तोच पाहुणा उन्हाळ्यात आला तर अंतर साडेनऊ तासांचे, कारण तिकडील घड्याळे त्या ऋतूत एक तास पुढे असतात. आमचा तरुण एकच आकडा घेऊन तो दहा वर्षांच्या चित्रांवरून सरसकट फिरवतो, जुनी नोंद पुसतो आणि निम्म्या चित्रांत नवी चूक पेरून समाधानाने उठतो. जुनी नोंद शिल्लक असती तर ही चूक उद्या कोणासही उलगडता आली असती.

याहून वाईट प्रकार जुन्या चित्रांचा. ‘साधारण बासष्ट साल असेल,’ असे आत्याबाई म्हणतात आणि संगणक पूर्ण तारीख मागतो म्हणून 1 जानेवारी 1962, मध्यरात्र, असे ठोकून दिले जाते. आमचे सारे पूर्वज इंग्रजी नववर्षाच्या मध्यरात्री नटूनथटून छायाचित्रकारापुढे बसत, असा पणतवंडांचा समज झाल्यास दोष कोणाचा? वस्तुतः एक्झिफमध्ये अज्ञात तारखेची जागा कोरी ठेवण्याची मुभा आहे, आणि एक्सएमपी नावाच्या दुसऱ्या नमुन्यात नुसते साल लिहिता येते. यंत्राने दिलेली प्रामाणिकपणाची सवलत माणसाने नाकारावी, हे नवल होय.

निदान सदाशिव पेठेत तरी हे सांगण्याची पाळी येऊ नये. 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत उभे आहे. शिवजन्माचे साल पूर्वी 1627 मानीत. 1916 साली लोकमान्य टिळकांनी मंडळाच्या द्वारे जेधे शकावली प्रसिद्ध केली; तीत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. वाद दीर्घकाळ चालला आणि 2001 साली शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. परंतु म्हणून बखरींतील जुने साल खरवडून कोणी तेथे नवे लिहिले नाही. दोन्ही नोंदी जागच्या जागी राहिल्या, म्हणूनच त्यांचा पडताळा घेता आला. शिवाय 19 फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन गणनेची तारीख. आजच्या ग्रेगोरियन गणनेने त्याच शुक्रवारी 1 मार्च येतो. गणना कोणती हे सांगितल्याशिवाय तारीख अपुरीच. फार कशाला, पहाटे दोन वाजता जन्मलेले मूल आजीच्या पंचांगाने गुरुवारचे आणि रुग्णालयातील चित्राच्या टिपणाने शुक्रवारचे. येथे दोघांपैकी कोणास सुधारणार?

कोणी म्हणेल, ही घरगुती चित्रे. यांत इतिहास कसला आला? जेधे शकावली तरी कोठे सरकारी दप्तरातली होती? ती भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची चीज. घरच्यांनी जपली म्हणून ती लोकमान्यांच्या हाती आली. एखाद्या उत्साही वंशजाने मध्यंतरी तिच्यातील तिथ्या प्रचलित समजुतीशी जुळवून ‘शुद्ध’ केल्या असत्या, तर मंडळाने छापावयाचे काय?

तेव्हा दुरुस्ती अवश्य करा. परंतु मूळ फाइल वेगळी राखून प्रतीवर करा, आणि चित्राच्या वर्णनात लिहा की मूळ नोंद अमुक होती, ती अमक्याने अमुक आधारावर बदलली. एक्झिफटूल हा या कामाचा प्रसिद्ध प्रोग्राम, मना केले नाही तर, मूळ प्रत आपणहून बाजूला ठेवतो. आमचे तरुण जागा अडते म्हणून ती प्रत पुसतात आणि जेवणाच्या ताटांची शेकडो चित्रे मात्र सांभाळतात. आणखी एक. जुना फोटो स्कॅन करताना त्याची पाठही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का आणि कोणाच्या तरी हातची शाईची ओळ तेथे असते, आणि ते अक्षर कोणाचे हे ओळखणारी आत्याबाई अजून घरात आहे.