एफसी गोवा : साखळीत वरच्या रांगेत, चषकाच्या यादीत नाही

इंडियन सुपर लीगचा रखडलेला हंगाम १४ फेब्रुवारीपासून सुरू होणार, अशी घोषणा केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जानेवारीच्या सुरुवातीला केली. १४ संघ, ९१ सामने. ज्यांनी हे दोन आकडे कागदावर मांडले असतील त्यांच्या लगेच लक्षात आलं असेल की प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळला तर सामने बरोबर ९१ होतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १३ सामने, आणि उपांत्य फेरी, फायनल यासाठी शिल्लक काहीच नाही. गुणतक्त्यात जो वर, तो विजेता.

एफसी गोवाच्या पाठीराख्यांनी हे वाचून हसावं की रडावं, असा प्रश्न आहे. गेली ११ वर्षं त्यांचं म्हणणं हेच तर होतं.

हे पाठीराखे फक्त गोव्यातले नाहीत. फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर मोठा सामना असला की बांद्या-सावंतवाडीकडून, कारवारकडून माणसं येतात, बेळगावची पोरं चोर्ला घाट उतरून येतात आणि सामना संपल्यावर रात्री तोच घाट चढून परत जातात. गुजरात किंवा मध्य प्रदेशातला मराठी माणूस टीव्हीवर बघतो. या सगळ्यांना पडणारा प्रश्न एकच: इतका चांगला खेळणारा संघ आयएसएलचा चषक एकदाही का जिंकला नाही?

खातं उघडून बघू. २०१४ ते २०२४-२५ असे ११ हंगाम झाले. त्यातल्या आठ हंगामांत गोवा उपांत्य फेरीत पोचला. दोनदा फायनल खेळला. चषक शून्य. साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी लीग शिल्ड एकदा, २०१९-२० मध्ये. शिवाय तीन सुपर कप आणि एक ड्युरँड कप. जमेच्या बाजूला एवढं असूनही लोक बोलतात ते त्या शून्याबद्दल. त्यांचंही चुकत नाही, कारण आपल्याकडे चॅम्पियन म्हणून नाव लागतं ते फायनल जिंकणाऱ्याचं. युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीगमध्ये साखळीत पहिला आलेला तोच चॅम्पियन असतो. आपल्याकडे साखळी म्हणजे जणू प्रवेश परीक्षा.

पहिल्या दोन हंगामांतच हे नाटक सुरू झालं. २०१४ मध्ये ब्राझीलच्या झिको यांच्या हाताखाली गोवा २२ गुणांनी दुसरा आला. उपांत्य फेरीत गाठ पडली तिसऱ्या आलेल्या अॅटलेटिको दि कोलकाताशी, ज्यांचे गुण होते १९. दोन्ही सामन्यांत एकही गोल नाही, पेनल्टी शूटआऊटमध्ये गोवा बाहेर आणि पुढे चषक कोलकात्याला. २०१५ मध्ये गोवा साखळीत पहिला. त्याच हंगामात मुंबई सिटीला ७-० असं धुतलं होतं, डुडू आणि हाओकिप दोघांच्याही हॅटट्रिक. फायनलही फातोर्ड्यावरच, २० डिसेंबर २०१५. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत गोवा २-१ ने पुढे होता. मग गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला आणि इंज्युरी टाईममध्ये स्टिव्हन मेंडोझाने चेन्नईयिनला ३-२ असं जिंकून दिलं. स्टेडियममध्ये त्या दिवशी जी शांतता पसरली तिच्याबद्दल गोव्यात अजून बोललं जातं. त्यानंतर झालेल्या वादावादीतून क्लबवर दंड आणि १५ गुणांची कपात आली, कपात पुढे मागे घेतली गेली. २०१६ चा हंगाम मात्र वाया गेला. गोवा शेवटच्या, आठव्या क्रमांकावर राहिला आणि झिको गेले.

खरा गोवा दिसला तो २०१७ नंतर, सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या काळात. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, बचावफळी वर आणायची, दोन खाल्ले तर चार मारायचे. फेरान कोरोमिनास म्हणजे आपला कोरो, याने पहिल्या हंगामात १८ आणि दुसऱ्यात १६ गोल केले, दोन्ही वेळा गोल्डन बूट त्याचाच. तीन हंगामांत संघ तिसरा, दुसरा, पहिला असा चढत गेला. साखळीचा आलेख यापेक्षा सरळ असूच शकत नाही. बाद फेरीचं काय झालं? २०१७-१८ मध्ये चेन्नईत ०-३. २०१८-१९ ची फायनल मुंबईत, बेंगळुरूविरुद्ध, आणि जादा वेळेत ११७ व्या मिनिटाला राहुल भेकेचा गोल. (भेके मुंबईचा, हे मीठ वेगळंच.) महिनाभरात भुवनेश्वरला चेन्नईयिनला हरवून सुपर कप घेतला, तेव्हा जरा बरं वाटलं.

२०१९-२० बद्दल मात्र क्लबच्या व्यवस्थापनाला विचारायलाच हवं. संघ साखळीत वर, तीन सामने उरलेले, आणि जानेवारीच्या शेवटी लोबेरा यांना काढलं. क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच जुन्या खेळाडूने सूत्रं घेतली, ३९ गुणांनी शिल्ड मिळाली, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब असा मानही मिळाला. पण उपांत्य फेरीत चेन्नईत १-४. फातोर्ड्यावर ४-२ जिंकून उपयोग झाला नाही, एकूण ५-६. पुढच्या हंगामात लोबेरा मुंबई सिटीत गेले, मागोमाग जाहू, बुमूस, फॉल आणि आपला मंदार राव देसाईसुद्धा. त्याच मुंबईने गोव्याला उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरवलं आणि शिल्ड, चषक दोन्ही नेले. माल गोव्यात तयार झाला, विकला गेला मुंबईत.

इथे पैशाचा मुद्दा येतो. सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबईचा मोठा हिस्सा घेतला होता. गोवा चांगले खेळाडू शोधतो, घडवतो, पण ते टिकवताना दमतो. २०२१ च्या डिसेंबरात प्रशिक्षक हुआन फेरांडोही अर्धा हंगाम टाकून कोलकात्याला गेले, त्याच्या दोनच महिने आधी त्यांनी ड्युरँड कप जिंकून दिला होता. तो हंगाम नवव्या क्रमांकावर संपला, पुढचा सातव्या. २०२४ मध्ये ब्रँडन फर्नांडिसही मुंबईला गेला.

मानोलो मार्केझ आल्यावर घडी पुन्हा बसली. २०२३-२४ मध्ये ४५ गुण, तिसरा क्रमांक. २०२४-२५ मध्ये ४८ गुण, दुसरा. आणि बाद फेरीत पुन्हा तेच. २४ एप्रिल २०२४, फातोर्डा, मुंबईविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना: ९० व्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे, आणि शेवटची शिटी वाजली तेव्हा २-३. सहा-सात मिनिटांत तीन गोल! पुढच्या वर्षी बेंगळुरूविरुद्ध पहिल्या सामन्यातले दोन गोल फातोर्ड्यावर फेडले, आता जादा वेळ होणार म्हणेपर्यंत इंज्युरी टाईममध्ये सुनील छेत्रीचं डोकं लागलं.

२०१५, २०१९, २०२४, २०२५. चारही घाव शेवटच्या मिनिटांतले. याला नशीब म्हणून सोडून देणं सोपं आहे, मला ते पटत नाही. दोन कारणं दिसतात. एक, खेळण्याची पद्धत. बचावफळी वर ठेवून सतत हल्ला करणारा संघ दमला की मागे मोकळी जागा पडते. २०-२४ सामन्यांच्या साखळीत अशा पद्धतीचा फायदा तोट्यापेक्षा जास्त असतो. एखादी वाईट दहा मिनिटं दोन-तीन गुण नेतात, पुढच्या आठवड्यात भरून निघतं. बाद फेरीत तीच दहा मिनिटं अख्खा हंगाम घेऊन जातात. धंद्यात ज्याची वार्षिक उलाढाल उत्तम पण हातात रोकड कमी, त्याला एका वाईट आठवड्यात अडचण येते, तसंच हे. दुसरं कारण बेंच. शेवटच्या वीस मिनिटांत मुंबई किंवा मोहन बागान ज्या दर्जाचे खेळाडू उतरवतात, ते गोव्याकडे क्वचितच होते.

मग सुपर कप कसे जिंकले, असं कोणी विचारेल. रास्त आहे. २०२५ च्या मे महिन्यात जमशेदपूरला ३-० आणि डिसेंबरमध्ये घरच्या मैदानावर ईस्ट बंगालला पेनल्टीवर ६-५ हरवलं, म्हणजे बाद सामने खेळताच येत नाहीत असं नाही. पण काही दिवसांत उरकणारी स्पर्धा वेगळी आणि लांबलेल्या हंगामानंतरची उपांत्य फेरी वेगळी. एशियन चॅम्पियन्स लीग टू मध्ये दर्जातला फरकही दिसलाच: रोनाल्डोशिवाय आलेल्या अल नासरला फातोर्ड्यावर ब्रायसन फर्नांडिसने गोल मारून १-२ पर्यंत झुंजवलं, तरी गटातले सहाही सामने हरले.

सगळा दोष क्लबवर टाकण्याआधी आजूबाजूलाही बघावं. पुण्याची एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागी हैदराबाद एफसी आली. याच मानोलोंच्या हाताखाली, याच फातोर्ड्यावर, मार्च २०२२ मध्ये हैदराबादने केरळला हरवून चषक जिंकला. पुढे खेळाडूंचे पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला, नावसुद्धा बदललं. आमच्या हैदराबादच्या वाचकांकडे आज चषकाची आठवण आहे, क्लब नाही. गोव्यातही साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स यांनी २००७-०८ ते २०१२-१३ असे सलग सहा वर्षं आय-लीगचं विजेतेपद राज्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्यातल्या साळगावकर आणि धेंपो यांनी २०१६ मध्ये स्पोर्टिंगसोबत आय-लीग सोडली. एवढ्या पडझडीत एफसी गोवा एकाच गावात, एकाच मैदानावर ११ हंगाम उभा आहे.

तेही आता गृहीत धरता येत नाही. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार ८ डिसेंबरला संपला, नव्या निविदेला एकही बोली आली नाही, सिटी ग्रुपने मुंबईतून अंग काढलं. डिसेंबरातल्या इस्तिकलोलविरुद्धच्या सामन्यात शिटी वाजल्यावर गोव्याचे खेळाडू काही सेकंद जागचे हललेच नाहीत. लीगच्या अनिश्चिततेचा तो निषेध होता.

आता १३ सामन्यांचा हंगाम. हिशोब दोन्हीकडून लागतो. २०२३-२४ मध्ये गोवा पहिल्या १२ सामन्यांत अपराजित होता, नंतर ओळीने तीन हरला. तशी सुरुवात यंदा झाली तर विजेतेपद जवळपास हातात. उलट २०२४-२५ मध्ये पहिलाच सामना फातोर्ड्यावर जमशेदपूरकडून १-२ गेला, इंज्युरी टाईममधल्या गोलने, आणि ते गुण पुढे भरून काढायला लांब हंगाम होता. यंदा तो नाही. १३ सामन्यांत प्रत्येक सामना अर्धा बाद फेरीचाच. त्यामुळे फेब्रुवारीत ८० व्या मिनिटानंतर मार्केझ कोणाला बाहेर काढतात आणि कोणाला आत आणतात, तिकडे लक्ष ठेवा.